मेसेज पाठवा, पण थांबू नका
जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या खडकवासला, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याची चर्चा भरपूर झाली. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातल्या मेसेजची मात्र झाली नाही. आधी जुलाब, मग काही दिवसांनी पायांत मुंग्या, जिना चढताना लटपट. अशा वेळी घरचे लोक आधी फॅमिली डॉक्टरांना व्हॉट्सॲप करतात. मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी मेसेजवरून सल्ला देण्याची मुभा दिली आहे. पण तातडीच्या वेळी प्रत्यक्ष तपासणीच हवी, हेही त्यातच बजावले आहे. जीबीएसमधला अशक्तपणा पायांतून वर चढत श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून नुसते ‘बरं वाटत नाही’ लिहू नका. जुलाब कधी झाले, अशक्तपणा कधीपासून आहे, गिळता येते का, हे स्पष्ट कळवा. डॉक्टरांनीही मेसेज पाहण्याची वेळ आणि एरवी कुठे जायचे, हे दवाखान्याच्या दारावर लिहावे. महापालिकेने साथीच्या काळात चोवीस तास उत्तर देणारा एक क्रमांक घरोघरी पोहोचवावा. आणि चालणे, गिळणे किंवा श्वास घेणे जड जात असेल, तर उत्तराची वाट न पाहता १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.