नोंदणीच्या आधीचे तीन महिने

मधुमेह असलेली गर्भवती ओपीडीत पहिल्यांदा येते, तेव्हा अनेकदा तिसरा महिना सरत आलेला असतो. साखर वाढलेली दिसली की घरचे विचारतात, "आता आटोक्यात येईल ना?" येते. पण बाळाचे हृदय, मेंदू, मणका यांची घडण पहिल्या आठ आठवड्यांतच झालेली असते. पाळी चुकल्याची शंका येते न येते तोच हे काम सुरू झालेले असते. त्या काळात साखर जास्त असेल, तर गर्भपाताचा आणि जन्मजात व्यंगाचा धोका वाढतो.

आपली व्यवस्था इथेच उशिरा पोहोचते. गरोदरपणाची नोंदणी बारा आठवड्यांच्या आत करा, असे आपण सांगतो. मधुमेहाची सरकारी तपासणी मोहीम तिशीपुढच्यांसाठी आहे. विशी-पंचविशीतली मधुमेही सून या दोन्हींच्या मध्ये निसटते. ती पाथर्डी-शेवगावकडची ऊसतोड कामगार असेल, तर हंगामात गावही सुटते आणि उपचारही. त्यात लग्न जमवताना साखर लपवलेली असेल, तर सासरी इन्सुलिन चोरून घ्यावे लागते किंवा बंदच होते.

खरे तर मधुमेह असूनही निरोगी बाळ होऊ शकते. त्यासाठी मूल हवे असे ठरले की किमान तीन महिने आधी डॉक्टरांना सांगावे. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी तपासणी करावी. ती शक्यतो ६.५ टक्क्यांच्या खाली आणावी. १० टक्क्यांच्या वर असेल, तर तूर्त गर्भनिरोधक वापरून थांबावे. फॉलिक ॲसिड आधीपासून घ्यावे; मधुमेहात त्याचा डोस मोठा लागतो, तो डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घ्यावे. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात. त्या बदलून घ्याव्यात, मात्र मनाने काहीही बंद करू नये. इन्सुलिनने बाळाला अपाय होतो, हा गैरसमज आहे. वाढलेली साखर बाळापर्यंत पोहोचते, इन्सुलिन नव्हे.

उपकेंद्रात गर्भवतींची यादी असते, तशी मूल होऊ शकेल अशा वयाच्या मधुमेही स्त्रियांचीही हवी. आशाताईंनी त्यांना एकच प्रश्न विचारावा: "येत्या वर्षात मूल हवे आहे का?" उत्तर ऐकायला नवरा आणि सासूही समोर असावेत. कारण तयारी एकट्या सुनेची नसते, घराची असते.