विश्लेषण : वजन उतरले, पण आरशातला माणूस अनोळखी… लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेनंतर मनाचे काय होते?

पनवेलहून सकाळची लोकल सुटते तेव्हा बसायला जागा मिळते. परतीच्या गर्दीत मात्र तिघांच्या बाकावरची 'चौथी सीट' मागावी लागते. वजन जास्त असलेला माणूस ती सहसा मागतच नाही. लोकांच्या नजरा झेलण्यापेक्षा दाराशी उभे राहिलेले बरे, असे तो ठरवून टाकतो. शस्त्रक्रिया होते, वर्षभरात पस्तीस किलो उतरतात, तरीही तो दाराशीच उभा असतो. बाकावर आता आपण मावतो, हे त्याच्या मनाला अजून कळलेले नसते. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतरचा हा टप्पा जाहिरातींतल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या फोटोंत कधीच दिसत नाही.

हा विषय आता महत्त्वाचा का?

लठ्ठपणा हा देशाच्या आरोग्य धोरणाचा विषय झाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतातील २४ टक्के महिला आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाच्या किंवा लठ्ठ गटात मोडतात. चौथ्या फेरीत हे प्रमाण अनुक्रमे २०.६ आणि १८.९ टक्के होते. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी फेब्रुवारी २०२५ मधील 'मन की बात'मध्ये खाद्यतेलाचा वापर १० टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी 'मौंजारो' आणि 'वेगोव्ही' ही वजन घटवणारी इंजेक्शने भारतीय बाजारात आली. वेगाने वजन उतरवण्याचे मार्ग त्यामुळे आणखी लोकांच्या आवाक्यात येत आहेत. वजन शस्त्रक्रियेने उतरो वा औषधाने, बदललेल्या रूपाशी जुळवून घेण्याचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. शस्त्रक्रियेत तो अधिक ठळकपणे दिसतो, इतकेच.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते?

सर्वाधिक प्रचलित दोन पद्धती आहेत. 'स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी'मध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि उरलेल्या जठराला केळ्यासारखा निमुळता आकार देतात. 'गॅस्ट्रिक बायपास'मध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. दोन्हींत केवळ जागा कमी होते असे नाही. भूक आणि तृप्तीशी संबंधित संप्रेरकेही बदलतात. मूळ वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरते आणि त्यातले बहुतेक पहिल्या १२ ते १८ महिन्यांत. म्हणजे १२० किलोची व्यक्ती वर्ष-दीड वर्षात ९० किलोच्या आसपास किंवा त्याखाली येऊ शकते. मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणे, गुडघेदुखी यांत मोठा फरक पडतो. ही शस्त्रक्रिया जीव वाचवू शकते, याबाबत आता फारसे दुमत नाही. प्रश्न त्यापुढचा आहे.

शरीर बदलते, मग मन मागे का राहते?

आपल्या शरीराचा आकार केवढा, याचे एक चित्र मनात असते. दारातून जाताना किती वळायचे, रिक्षात कोणत्या कडेला बसायचे, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचे की नाही, हे सगळे त्या चित्रावरून ठरते. ते चित्र वीस-पंचवीस वर्षांत तयार झालेले असते. शरीर मात्र वर्षभरात बदलते. त्यामुळे अनेक जण दुकानात गेल्यावर अजूनही सर्वांत मोठ्या मापाचा कुर्ता मागतात. सामूहिक फोटोत स्वतःला शोधताना नजर चुकते. डॉक्टर याला 'फँटम फॅट', म्हणजे नसलेली चरबी जाणवणे, असे म्हणतात.

याच्या उलटही घडते. चेहऱ्यावरची चरबी जाते, गाल बसतात, डोळ्यांखाली सुरकुत्या येतात. चाळिशीतली व्यक्ती पन्नाशीची दिसू लागते. वजन उतरले की आपण तरुण दिसू, अशी आशा धरलेल्याला हा मोठा धक्का असतो. इंजेक्शनांमुळे वजन उतरलेल्यांच्या बाबतीत याच बदलाला 'ओझेम्पिक फेस' असे नाव पडले आहे.

लटकणारी त्वचा, गळणारे केस

शस्त्रक्रियेनंतर तीन ते सहा महिन्यांत केस मोठ्या प्रमाणात गळू शकतात. शरीरावर आलेला ताण आणि प्रथिने, लोह, जस्त यांची कमतरता ही त्याची कारणे. बहुतेकांचे केस पुढे परत येतात, पण तेव्हा कंगव्यात आलेला पुंजका बघून धीर सुटतो. त्वचेचे तसे नाही. वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा पूर्ववत होत नाही. पोट, दंड, मांड्या आणि छातीवर तिच्या घड्या लटकतात. कोकणच्या दमट हवेत या घड्यांमध्ये घाम साचतो, पुरळ येते, बुरशीचा संसर्ग होतो. कपड्यांत सडपातळ दिसणारी व्यक्ती आरशासमोर एकटी असताना स्वतःच्या शरीराकडे पाहायला धजत नाही. जास्त वजन असतानाही नव्हता इतका संकोच आता वाटतो, अशी तक्रार अनेक रुग्ण करतात.

लोक काय म्हणतात, यावर किती अवलंबून?

आपल्याकडे बरेच. 'केवढी वाळलीस गं, शुगर निघाली का?' हा प्रश्न जिन्यात, बाजारात, देवळात विचारला जातो. काळजीनेच, पण विचारला जातो. खरे सांगावे तर 'म्हणजे सोपा मार्ग निवडलास' असे ऐकावे लागते. न सांगावे तर काहीतरी लपवल्याची टोचणी. लग्नाच्या वयाच्या मुलींच्या घरी तर शस्त्रक्रिया झाली हे अनेकदा नातेवाईकांपासूनही दडवले जाते.

पुरुषांसाठी, त्यातही मोठ्या पदावरच्या पुरुषांसाठी, हे तुलनेने सोपे जाते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्यावर २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर ते आपल्या वजनाविषयी जाहीरपणे बोलत आले आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या खासदारांना त्यांनी प्रत्येक घटवलेल्या किलोमागे मतदारसंघासाठी एक हजार कोटी रुपये देण्याचे आव्हान दिले. तेव्हा स्वतःचे वजन १३५ किलोंवरून ९३ वर आल्याचे आणि जुन्या फोटोत लोक आपल्याला ओळखत नसल्याचेही त्यांनी सांगितले. सभेत हशा पिकला. 'ओळखू येत नाही' हेच वाक्य सोसायटीतल्या एखाद्या बाईच्या वाट्याला येते, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ शकेलच असे नाही.

फेब्रुवारी २०१७ चा प्रसंग याहून बोचरा आहे. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचा फोटो टाकून बंदोबस्तावर कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हे, मध्य प्रदेशचा निघाला. त्या थट्टेनंतर त्याला मुंबईत उपचार देऊ करण्यात आले आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे त्याचे वजन किती उतरले याच्याही बातम्या आल्या. शरीराची चर्चा आधी थट्टा म्हणून झाली, नंतर कौतुक म्हणून. दोन्ही वेळा ती चारचौघांतच झाली.

नात्यांवर काय परिणाम होतो?

स्वीडनमधील दोन मोठ्या रुग्णगटांचा अभ्यास २०१८ मध्ये 'जामा सर्जरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर एकट्या असलेल्यांमध्ये नवे नाते जुळण्याचे प्रमाण वाढले; आधीपासून नात्यात असलेल्यांमध्ये विभक्त होण्याचे प्रमाणही वाढले. शस्त्रक्रियेमुळे संसार मोडतात, असा याचा अर्थ नाही. एका माणसाचा आत्मविश्वास, सवयी, बाहेर पडणे हे सगळे बदलले की घरातले जुने समीकरणही हलते, एवढाच निष्कर्ष त्यातून काढता येतो.

आपल्याकडे हे समीकरण ताटाभोवती फिरते. पनवेल-उरण पट्ट्यात हळदी आणि लग्नांच्या पंगतीत आग्रह हा मानाचा भाग असतो. शस्त्रक्रिया झालेला माणूस चार घासांत थांबतो. बायपास झालेल्याने गोड जास्त खाल्ले तर घाम, धडधड, मळमळ, जुलाब असा त्रास होऊ शकतो. 'आमच्याकडचे आवडले नाही का?' या प्रश्नाला दरवेळी काय उत्तर द्यायचे? जेवण हाच ज्यांच्या आनंदाचा, दुःखाचा आणि गप्पांचा आधार होता, त्यांचा तो आधारही शस्त्रक्रियेबरोबर जातो. ती पोकळी काही जण दारूने भरतात. अमेरिकेतील २०१२ च्या एका अभ्यासात मद्याच्या समस्येचे प्रमाण शस्त्रक्रियेपूर्वीच्या ७.६ टक्क्यांवरून दुसऱ्या वर्षी ९.६ टक्के झाल्याचे दिसले. बायपासनंतर दारू रक्तात वेगाने भिनते, हेही त्यामागे आहे.

धोका किती गंभीर?

बहुसंख्य रुग्णांचे जगणे शस्त्रक्रियेनंतर सुधारते, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पण काहींना मदतीची गरज असते. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ८,८१५ रुग्णांच्या अभ्यासात (२०१६) स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर सुमारे ५० टक्क्यांनी वाढले. मूळ आकडा लहान आहे : दर हजार रुग्णांमागे वर्षाला २.३ वरून ३.६. लक्षात घेण्याजोगी बाब म्हणजे बहुतेक घटना दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षातल्या होत्या. म्हणजे वजन उतरण्याचा वेग थांबलेला, कौतुक ओसरलेले आणि रुग्णालयातल्या फेऱ्या कमी झालेल्या, अशा काळातल्या. वजन उतरले की सगळे प्रश्न सुटतील अशी आशा असते. वजन उतरते, आणि नोकरीतला ताण, घरातले वाद, जुना एकटेपणा तसाच राहतो. आता दोष द्यायला लठ्ठपणाही उरलेला नसतो.

विम्याची मेख कुठे आहे?

विमा नियामक 'इर्डाई'च्या प्रमाणित नियमांनुसार आरोग्य विम्यात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया काही अटींवर ग्राह्य धरली जाते. वय किमान १८, डॉक्टरांचा सल्ला, आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा लागतो. बीएमआय ३५ असेल तर अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार किंवा तीव्र स्लीप ॲप्निया यांसारखा गंभीर आजार सोबत असावा लागतो. आशियाई लोकांना कमी वजनातच आजार जडतात म्हणून वैद्यकीय संघटनांनी त्यांच्यासाठीचे निकष याहून खाली आणले आहेत. ही पहिली दरी.

दुसरी दरी लटकणाऱ्या त्वचेची. ती काढण्याची शस्त्रक्रिया वजन स्थिरावल्यावर, साधारण दीड वर्षानंतर करता येते. मात्र कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी विम्यातून वगळलेली आहे. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका असेल तरच अपवाद. म्हणजे उपचाराचा पूर्वार्ध 'आजार' आणि त्याच उपचाराने निर्माण झालेला उत्तरार्ध 'सौंदर्य'. वारंवार संसर्ग होत असेल तर त्याच्या नोंदी, फोटो आणि त्वचारोगतज्ज्ञांचे अहवाल जपून ठेवावेत. दाव्याच्या वेळी तोच आधार असतो.

कागदपत्रांचे काय?

बदललेला चेहरा सरकारी कागदांतही बदलावा लागतो. आधारवरील फोटो ऑनलाइन बदलता येत नाही. त्यासाठी आधार केंद्रात जावे लागते आणि ऑक्टोबर २०२५ पासून बायोमेट्रिक बदलासाठी १२५ रुपये शुल्क आहे. पासपोर्टसाठी 'रूपातील बदल' या कारणाखाली पुन्हा अर्ज करता येतो. पनवेल तालुक्यात नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. चेहरा पाहून प्रवेश देणाऱ्या यंत्रणाही सर्वत्र वाढत आहेत. त्यामुळे प्रवासाच्या आधीच हे काम उरकलेले बरे.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वीची. 'किती किलो उतरतील?' याबरोबर 'त्वचेचे काय होईल, चेहरा कसा दिसेल, दोन वर्षांनी माझी तपासणी कोण करेल?' हेही सर्जनला विचारावे. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ही केवळ शस्त्रक्रियेआधीची सही नसावी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ती व्हावी. प्रथिने, बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात. साबुदाण्यावरचे नऊ दिवसांचे उपवास अशा रुग्णांना परवडत नाहीत. स्त्रियांनी साधारण १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो.

मनाला नवे शरीर ओळखायला वेळ लागतो, पण त्याला मदत करता येते. दर महिन्याला फोटो काढणे, जुने सैल कपडे कपाटातून काढून टाकणे, अंगाला बसणारा एक तरी पोशाख शिवून घेणे, त्याच शस्त्रक्रियेतून गेलेल्यांशी बोलणे, हे साधे उपाय उपयोगी पडतात. मन फार खचले तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.

आणि बाकीच्यांनी? पंगतीत एकदाच वाढावे. 'किती उतरले?' हा प्रश्न टाळून 'कशी आहेस?' एवढेच विचारावे. लोकलमध्ये कुणी दाराशीच उभे राहिले असेल, तर न सांगता थोडे सरकून घ्यावे.