जंजिरा जिंकून देणारा खेळ आम्हांला नको

मराठ्यांच्या इतिहासावर एक भव्य व्हिडिओ गेम व्हावा, त्यात गड असावेत, गलबते असावीत, आणि इतिहासात जे घडले नाही ते घडवून मुरूडच्या जंजिऱ्यावर निशाण चढवण्याचे भाग्य खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला लाभावे, अशी इच्छा अधूनमधून आमच्या कानी पडते. ही इच्छा धरणाऱ्यांच्या निष्ठेविषयी आम्हांला शंका नाही. त्यांच्या कल्पनाशक्तीविषयी मात्र आहे.

हे माध्यम काय करू शकते, हे आधी पाहू. २००८ साली 'स्टार वॉर्स: द फोर्स अनलीश्ड' हा खेळ निघाला. त्याच्या कथेवर येथे शाई खर्च करण्याचे कारण नाही. पण त्यात दोन तंत्रे एकत्र आली होती. 'युफोरिया' या तंत्रामुळे उचलून फेकलेला सैनिक ठरावीक पद्धतीने पडत नसे. तो तोल सावरू पाही, हाताशी येईल ती कड धरी, प्रसंगी शेजारच्या सोबत्यालाच पकडी. 'डिजिटल मॉलिक्युलर मॅटर' या दुसऱ्या तंत्रामुळे लाकूड लाकडासारखे चिरफळे, काच काचेसारखी फुटे, धातू वाके. त्याआधीच्या बहुतेक खेळांत माणसे आमच्या जुन्या ऐतिहासिक नाटकांतल्या मावळ्यांप्रमाणे नेमून दिलेल्या जागी मरत, आणि भिंती तर रंगवलेल्या पडद्यांहून फारशा वेगळ्या नव्हत्या. सारांश, देहाला जिवाची धडपड आणि भिंतीला स्वतःचा पिंड मिळाला, ही खरी नवलाई.

आता रायगडच्या किनाऱ्यावर या. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्यावाचून नुसते एकमेकांवर रचलेले आहेत. लाट आदळते, पाणी सांधींत शिरते, तिचा जोर तेथेच फुटतो आणि तट उभा राहतो. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाची रीत नेमकी उलटी. तेथे खाऱ्या वाऱ्यापाण्याने दगड आतून खात नेला आहे, आणि दोन चिऱ्यांमधला चुना मात्र चौकटीसारखा पुढे आलेला दिसतो. म्हणजे एका तटात सांधा मोकळा म्हणून भिंत टिकली, दुसऱ्यात सांधा दगडालाही पुरून उरला. दोन्ही किल्ले एकाच जिल्ह्यातले, एकाच समुद्राला तोंड देणारे, एकाच पिढीत उभारलेले! ज्या खेळात हे दोन्ही तट तोफेच्या गोळ्याला सारखेच ढासळतील, त्याच्या कर्त्यांनी छायाचित्रे पाहिली असतील; किल्ला पाहिलेला नाही.

माणसांची गोष्ट याहून बिकट आहे. जंजिरा शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांना मिळाला नाही, पुढे पेशव्यांनाही नाही. सिद्दींचे संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. पण या अपयशाच्या पोटात केवढी माणसे आहेत! लाय पाटील या कोळी सरदाराने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या आणि मोरोपंतांची कुमक वेळेवर आलीच नाही, असे परंपरा सांगते. साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा कोंडाजी फर्जंद फितुरीचे सोंग करून जंजिऱ्यात शिरला. बेत फुटला आणि तो आतच मारला गेला. १६८२ साली संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालून वाट करण्याचे काम हाती घेतले. मोगलांची स्वारी आल्याने ते अर्धवट सोडावे लागले.

शिडीच्या वरच्या पायरीवर, पाठीमागे कोणी येत नाही हे उमगलेला माणूस: त्याचा हात दगडावर कसा घट्ट होतो, तो मागे वळून किती वेळा पाहतो, खाली उतरताना त्याचा पाय कोठे घसरतो, हे दाखवण्यासाठी 'युफोरिया'सारखे तंत्र हवे. जय ठरलेलाच असेल तर त्याची गरज काय? मग पुतळा चालवला तरी पुरे. आमची तक्रार नेमकी हीच आहे. आम्हांला आमचा नायक घसरलेला चालत नाही. ज्या देहाला तोलच जात नाही, त्याच्या पराक्रमाचे मोल मुलाने कसे जोखावे?

आणि सिद्दी? तो काय पडण्यासाठी उभा केलेला बाहुला? आफ्रिकेतून आलेल्या, येथेच रुजलेल्या या लढवय्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते बेट राखले. तटाआड केवळ शिबंदी नव्हती, नांदती वस्ती होती. भरतीच्या रात्री बुरुजावर पहारा देणाऱ्या त्या माणसालाही झोप येत असेल, भीती वाटत असेल. ती त्याच्या हालचालीत दिसली नाही, तर त्याला चुकवून वर चढण्यात शौर्य ते काय उरले?

'अहो, हा खेळ आहे, इतिहासाचा तास नव्हे,' असे कोणी म्हणेल. मान्य. इतिहास वेगळा घडवून पाहणे हा खेळाचा हक्कच आहे. खऱ्या भरती-ओहोटीशी, खऱ्या तटाशी, जाग्या पहाऱ्याशी झुंजून एखाद्या मुलीने शंभराव्या प्रयत्नात जंजिरा घेतला, तर आम्ही तिला मुजरा करू. आमचा विरोध जय बक्षीस वाटण्याला आहे. कौशल्याची उणीव ही सबबही आता चालणार नाही. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० साली 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ जगापुढे ठेवला आहे.

असा खेळ कोणी खरोखर करणार असेल, तर त्याचा पहिला टप्पा आम्ही सुचवतो. त्यात तलवार नको. जानेवारी १६७५मध्ये महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला कडक पत्र लिहिले, कारण पद्मदुर्गाच्या कामासाठी द्यावयाचा पैसा आणि धान्य त्याने पोहोचवले नव्हते. खेळणाऱ्याला तेथूनच सुरुवात करू द्यावी: कोठारातले धान्य, किनाऱ्यावरचे मचवे, उतरत जाणारी भरती, समोर जंजिऱ्याच्या तोफा, आणि पलीकडच्या खडकावर अर्धा तट बांधून शिध्याची वाट पाहणारे पाथरवट.