कंपनी विकली, कोडचं काय?

मोठी कंपनी ओपन सोर्सवाल्या छोट्या कंपनीला गिळते तेव्हा शेअरवाले टाळ्या पिटतात. भाबडे म्हणतात, घाबरू नका, कोड उघडाच आहे, तो कोण विकत घेणार? दोघंही अर्धंच बोलतात.

झिंब्रा बघा. ईमेल-कॅलेंडरचा सर्व्हर, कोड उघडा. सप्टेंबर २००७ मध्ये याहूने ही कंपनी सुमारे ३५ कोटी डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. २०१० उजाडला नाही तोच ती व्हीएमवेअरच्या दावणीला. २०१३ मध्ये टेलिजंट, २०१५ मध्ये सिनॅकोर. बाजारातल्या बैलासारखी फिरवली. वापरणाऱ्यांना कुणी विचारलं? २०२० साली नववी आवृत्ती आली आणि फुकटात तयार प्रोग्राम देणं बंद. कोड घ्या, तुमचा तुम्ही बांधा! विहीर उघडी ठेवली, पोहरा उचलून नेला.

म्हणजे विकत घेतलं जातं ते नाव, मालकी हक्क, आणि कोडची नस ओळखणारी माणसं. उघडा कोड मागे उरतो. पण तो चालवणारे हातच शेठच्या पगारावर गेले तर त्या उघडेपणाचं लोणचं घालायचं?

आता मायएसक्यूएल. बाहेरचा कुणी दुरुस्ती पाठवली की कंपनी त्याच्याकडून हक्काच्या कागदावर सही घ्यायची. घाम अनेकांचा, सातबारा एकाचा. म्हणून २००८ मध्ये सनला ती सुमारे १०० कोटी डॉलरला विकता आली. त्या पैशात संस्थापक मायकेल विडेनियसचाही वाटा होता, हे विसरायचं कारण नाही. पुढे ऑरॅकलने सनच घ्यायला काढली आणि २०१० मध्ये घेतलीही. ज्याचा डेटाबेसचा धंदा, त्याच्याच हाती स्पर्धकाची मानगूट!

पण इथे डाव उलटला. जीपीएल परवान्याने दिलेला कोड मालकाला परत मागता येत नाही. विडेनियस आणि जुने सोबती २००९ मध्येच तोच कोड घेऊन वेगळे निघाले. मारियाडीबी उभी केली. २०१३ मध्ये विकिपीडिया तिच्यावर गेला. परवाना दोन्हीकडे होता. फरक पडला तो कोड वाचता, मोडता, बांधता येणारे हात बाहेर होते म्हणून.

तेव्हा दोस्तहो, उद्या अशी बातमी आली की "फुकट राहील का?" असं भिकाऱ्यासारखं विचारत बसू नका. विचारा, हक्काचा कागद कुणाच्या नावावर? दुरुस्ती पाठवणाऱ्याची सही कशावर घेतली? मालक पळाला तर हे बांधणारे आपल्यात किती?

किती नसतील तर आजपासून शिका. नुसत्या बटणं दाबणाऱ्याला शेठ बदलला तरी शेठच भेटतो.