सर्वांना एकच काढा?

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, काळी मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घेण्याचा सल्ला दिला. सल्ला मर्यादित होता. उत्साह मात्र अमर्याद ठरला. ऐन चैत्र-वैशाखाच्या उन्हात अनेक घरांत पेल्यामागून पेले रिचवले गेले. पुढे तोंड येणे, छातीत जळजळ अशा तक्रारी निघाल्या, तेव्हा दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी आला. त्या योजनेत चार उष्ण द्रव्यांच्या जोडीला मनुकेसारखे शीत आणि मधुर द्रव्य का घातले होते, याचा विचार किती जणांनी केला?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात हा विचार आला आहे. समान गुणांनी वाढ होते, विपरीत गुणांनी ऱ्हास होतो. गुरू-लघू, शीत-उष्ण, स्निग्ध-रूक्ष अशा दहा जोड्यांतून वीस गुण मोजले जातात. वात रूक्ष, लघू आणि शीत, म्हणून त्यावर कोमट तेलाचा अभ्यंग. पित्त उष्ण आणि तीक्ष्ण, म्हणून त्यावर तूप. तत्त्व इतके सोपे आहे की ते सहज बिघडवता येते.

कारण ‘विपरीत’ कशाच्या, हे ठरवल्याविना या तत्त्वाला अर्थच उरत नाही. माणसाची प्रकृती, ऋतू, वय, पचनशक्ती या साऱ्यांचा विचार त्यात अंतर्भूत आहे. आपल्या आजी-पणजींना ही जाण ग्रंथ न वाचताही होती. भोगीला बाजरीची भाकरी होते. बाजरी उष्ण, म्हणून थंडीला योग्य, पण ती रूक्षही आहे. म्हणून तिला तीळ लावायचे आणि वर लोण्याचा गोळा ठेवायचा. चैत्रातल्या हळदीकुंकवाला मात्र पन्हे. तीळ आणि पन्हे यांची अदलाबदल कोणत्याही सुगृहिणीने कधी केली नाही.

गुण केवळ स्पर्शावरून ओळखता येत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. दही हाताला गार लागते म्हणून उन्हाळ्यात वाट्याच्या वाट्या संपवल्या जातात. आयुर्वेद मात्र दह्याला उष्ण वीर्याचे मानतो, आणि शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत ते बहुधा वर्ज्य सांगतो. गार म्हणून जे खावे तेच पित्त वाढवते!

स्वदेशी वैद्यकाचा अभिमान बाळगणाऱ्यांवर तर अधिक दायित्व येते. एकच चूर्ण, एकच काढा साऱ्या कुटुंबाला बारा महिने देणे हा आयुर्वेदाचा गौरव नव्हे. ती त्याच्या पहिल्याच अध्यायाची अवज्ञा आहे. शिवाय ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार’ हे वाक्य तर कोणत्याच संहितेत सापडणार नाही. ज्या द्रव्यात गुण आहे, त्याचा अतिरेक बाधणारच.

प्राचीनांनी तर विपरीताचाही एकच साचा केला नाही. रोगकारणाच्या विपरीत, रोगाच्या विपरीत, दोहोंच्या विपरीत असे भेद त्यांनी केले. वर दिसायला समान असूनही परिणाम विपरीत करणारी योजनाही त्यांनी मान्य केली: मद्याच्या विकारात विधिपूर्वक मद्यच देणे हे तिचे प्रसिद्ध उदाहरण. औषध, अन्न आणि विहार या तिन्ही अंगांनी हे भेद मोजले तर संख्या अठरावर जाते. यातला कोणता भेद समोरच्या रोग्याला लागू पडतो, हे ठरवण्यासाठीच वैद्य भुकेपासून झोपेपर्यंतचे प्रश्न विचारत बसतो.