ट्रेलरने किती सांगावे?

जेम्स कॅमेरॉनच्या ‘टर्मिनेटर २’ (१९९१) या चित्रपटाचा सुरुवातीचा सगळा ताण एकाच शंकेवर उभा आहे: भविष्यातून आलेल्या दोघांपैकी एका मुलाचा मारेकरी कोण आणि रक्षक कोण? पोलिसाच्या वेषातला माणूस भला वाटतो, दुसऱ्याच्या, म्हणजे अभिनेता श्वार्झनेगरच्या, हाती बंदूक दिसताच काळजात धस्स होते. ट्रेलरने मात्र श्वार्झनेगरच रक्षक असल्याचे आधीच फोडले आणि इतक्या कसबाने रचलेला चकवा वाया गेला. विज्ञानकथेत तर हे अधिकच बोचते, कारण अनोळखी जगाचे नियम स्वतः उलगडण्यातच तिचा खरा आनंद आहे. महागडा चित्रपट विकायचा तर काहीतरी दाखवावे लागते, हे मान्य. पण रिडली स्कॉटच्या ‘एलियन’च्या (१९७९) ट्रेलरमध्ये संवादच नाहीत, तडकणारे अंडे, धावपळ, कर्कश आवाज एवढेच. तरीही प्रेक्षक लोटले.