अ‍ॅनिमेशनमधील पात्र: रेखाटन एकाचे, हक्क दुसऱ्याचा

भारतात निर्मिती करून ती जगापर्यंत नेण्याचे आवाहन पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मे २०२५ मध्ये मुंबईतील ‘वेव्हज’ परिषदेत केले. अ‍ॅनिमेशन क्षेत्रात याचा अर्थ, परदेशी पात्रांना हालचाल देण्यापलीकडे जाऊन स्वतःची पात्रे घडविणे, असा होतो. २००८ मध्ये आलेल्या ‘छोटा भीम’ने मालिकेबाहेर चित्रपट व खेळण्यांपर्यंत मजल मारून अशा पात्राचे मोल दाखवून दिले.

मात्र पात्राचा चेहरा, वेष आणि ठेवण ठरविणाऱ्या चित्रकाराचे काय? स्वामित्वहक्क कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसल्यास नोकरीत केलेल्या रेखाटनाचा पहिला हक्क कंपनीकडे जातो. कलम ५७ नुसार श्रेयाचा हक्क चित्रकाराकडेच राहतो. त्यामुळे नामोल्लेखाबरोबरच उत्पन्नातील वाटाही करारातच निश्चित होणे आवश्यक आहे.